वाळवंटातला स्प्रिंग ब्रेक: पाम स्प्रिंग्जला सहकुटुंब जाताना

अमेरिकेतल्या शाळांचा स्प्रिंग ब्रेक ही मोठी अडनिडी सुट्टी आहे. आठवड्याभरात भारतात जाऊन येणे जमत नाही, आणि दोन मुलांना सांभाळत तेवढे दिवस घरात काढणेही झेपत नाही. लॉस एंजेलिस, ऑरेंज काउंटी किंवा सॅन दिएगो परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अशा वेळी दोन-अडीच तासांच्या अंतरावरचे वाळवंट हाताशी असते. पाम स्प्रिंग्ज हे नाव एका गावाचे असले, तरी बोलण्यात ते सगळ्या कोचेला व्हॅलीसाठी वापरले जाते. पश्चिमेला सॅन हासिंतो पर्वताच्या पायथ्याशी पाम स्प्रिंग्ज, तिथून आग्नेयेकडे सरकत कॅथीड्रल सिटी, रँचो मिराज, पाम डेझर्ट, इंडियन वेल्स, ला किंता, इंडियो आणि कोचेला, आणि आंतरराज्य महामार्ग १० च्या उत्तरेला डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज अशी ही नऊ गावे आहेत. खोऱ्याच्या एका टोकाच्या हॉटेलातून दुसऱ्या टोकाला जायला पाऊण तास सहज लागतो, हे नकाशा पाहताना लक्षात येत नाही.

आम्ही या भागात चार वेळा सुट्टी घालवली. पहिली सहल फसली आणि नंतरच्या तीन बऱ्या झाल्या. पहिल्या वेळी आम्ही सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी भरगच्च यादी केली होती आणि ती दुसऱ्याच दिवशी दुपारी एक वाजता, रडणाऱ्या मुलासह, एका तापलेल्या वाहनतळावर संपली. वाळवंटात दिवस सलग वापरता येत नाही. त्याचे सकाळ आणि संध्याकाळ असे दोन तुकडे करावे लागतात, आणि मधला भाग पाणी, सावली व झोप यांना द्यावा लागतो. हॉटेल निवडण्यापासून सामान भरण्यापर्यंतचे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून ठरवले, तर बाकीचे फारसे अडत नाही.

तारखा आधी, हॉटेल नंतर

सगळ्या शाळांना एकाच आठवड्यात सुट्टी नसते. स्कूल डिस्ट्रिक्टनुसार ती मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीही पडते, आणि पुष्कळ ठिकाणी ती ईस्टरला लागून असते. ईस्टर दर वर्षी पुढेमागे सरकत असल्यामुळे गेल्या वर्षी मित्रांना आलेला अनुभव या वर्षी आपल्याला येईलच असे नाही. सुट्टीचा आठवडा आपल्या हातात नसला, तरी त्या आठवड्यात खोऱ्यात काय चालू असणार आहे हे आधी पाहून घेता येते. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात इंडियन वेल्सला टेनिसची मोठी स्पर्धा असते. एप्रिलच्या मध्यावर इंडियोच्या पोलो मैदानावर लागोपाठ दोन शनिवार-रविवार कोचेला संगीत महोत्सव भरतो, आणि त्याच मैदानावर एप्रिलअखेरीस कंट्री संगीताचा स्टेजकोच महोत्सव होतो. या दिवसांत खोल्यांच्या भावाचा आणि खोलीच्या दर्जाचा काही संबंध उरत नाही. सुट्टी नेमकी एप्रिलच्या मध्यावर येत असेल, तर सोमवारी जाऊन गुरुवारी परतावे. एरवीही रविवार ते गुरुवार हा काळ शुक्रवार-शनिवारपेक्षा स्वस्त आणि निवांत असतो.

हवामानाचे आकडे वाचताना थोडी सावधगिरी बाळगावी. मार्चमध्ये दुपारचे सरासरी तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २७ सेल्सिअसच्या आसपास असते, आणि एप्रिलमध्ये ते ८७ पर्यंत, म्हणजे साधारण ३१ सेल्सिअसपर्यंत चढते. जळगाव-नागपूरच्या माणसाला हा उन्हाळा वाटणारच नाही. परंतु सरासरी फसवी असते. एखाद्या मार्चमध्ये दुपार ९५ च्या वर जाते, तर त्याच आठवड्यात वायव्येकडच्या सॅन गोर्गोनियो खिंडीतून असा वारा सुटतो की रात्री स्वेटर शोधावा लागतो. कोरड्या हवेत घाम जागच्या जागी वाळतो, त्यामुळे उकडत असल्याची जाणीव होत नाही आणि मुले पाणी मागत नाहीत. मोठ्यांनीच घड्याळ पाहून त्यांना पाणी पाजावे लागते.

गुढीपाडवा बहुधा याच चार-पाच आठवड्यांत येतो. तो सहलीत येत असेल, तर गाठी आणि छोटा तांब्या घरूनच घ्यावा, कारण कडुनिंबाची डहाळी जिथे मिळणार नाही तिथे निदान एवढे तरी जवळ असावे. आम्ही एकदा हॉटेलच्या गच्चीत मुलाच्या मासेमारीच्या काठीवर गुढी उभारली होती. शेजारच्या खोलीतल्या आजीबाईंनी ती वाळत घातलेली साडी समजून वारा सुटल्याची सूचना दिली.

राहण्याची जागा

सर्वांत आधी एक गोष्ट तपासावी. पाम स्प्रिंग्ज गावातली बरीच लहान, देखणी हॉटेले फक्त २१ वर्षांवरील पाहुण्यांसाठी असतात, आणि काहींमध्ये कपड्यांचेही बंधन नसते. ही माहिती त्यांच्या संकेतस्थळावर दिलेली असते, पण फोटोंच्या नादात ती वाचायची राहून जाते. आजी-आजोबा आणि दोन मुले घेऊन अशा दारात उभे राहण्याचा प्रसंग टाळावा.

मुलांसाठी मोठी रिसॉर्ट बहुतांशी खोऱ्याच्या मध्यभागी आणि पूर्वेकडे आहेत. रँचो मिराजच्या ऑम्नी रँचो लास पाल्मासमध्ये घसरगुंड्या, वाळूचा किनारा आणि रबरी ट्यूबवर बसून तरंगत फिरण्यासाठी संथ वाहणारा पाण्याचा प्रवाह आहे. पाम डेझर्टच्या जेडब्ल्यू मॅरियट डेझर्ट स्प्रिंग्जमध्ये लॉबीतूनच होडी सुटते, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाला त्या एका होडीपुढे सगळे वाळवंट फिके वाटते. ला किंता रिसॉर्ट १९२६ मध्ये सुरू झाले. तिथे एका अवाढव्य तलावाऐवजी बागांमध्ये विखुरलेले ४१ लहान तलाव असल्यामुळे शांतता हवी असणाऱ्या कुटुंबांना ते अधिक मानवते. माझे मत असे, की मुले दहा वर्षांखालची असतील तर घसरगुंडी असलेले ठिकाण घ्यावे आणि त्यासाठी खोली लहान मिळाली तरी चालवून घ्यावे, कारण दुपारचे चार तास तिथेच जाणार आहेत.

गावाच्या पश्चिम कडेला, अगदी डोंगराला टेकून असलेल्या जागेबाबत एक बारीक गोष्ट सांगायला हवी. सॅन हासिंतोचे शिखर १०,८३४ फूट उंच आहे आणि ते खोऱ्यातून थेट वर चढते. घड्याळात सूर्यास्त सातच्या सुमारास असला, तरी पायथ्याशी ऊन त्याच्या कितीतरी आधी डोंगराआड जाते. मे महिन्यात ही सावली वरदान ठरते, पण मार्चमध्ये दुपारी झोपून उठलेली मुले पाण्यात उतरेपर्यंत तलावावर गारवा आलेला असतो. मार्चमध्ये जाणार असल्यास पाम डेझर्ट किंवा त्याच्या पूर्वेला राहणे बरे.

दोन-तीन कुटुंबे मिळून जाणार असतील, तर तलाव असलेले घर भाड्याने घेणे सोयीचे पडते. मात्र घराच्या तलावाचे पाणी तापवण्याचे पैसे बहुतेक वेळा वेगळे, दिवसाच्या हिशोबाने घेतले जातात आणि ते आधीच कळवावे लागते, कारण पाणी तापायला एक दिवस तरी जातो. आम्ही हे विचारले नव्हते. निळेशार पाणी पाहून मुलांनी गाडीतून उतरल्या उतरल्या उड्या मारल्या आणि मिनिटाभरात ओठ निळे करून बाहेर आली. पुढचे दोन दिवस तो तलाव आम्ही खुर्चीत बसून पाहिला. घर घेताना तलावाला कुंपण किंवा दाराला घंटा आहे का, हेही विचारावे, कारण जुन्या घरांना ते असेलच असे नाही. पाम स्प्रिंग्ज शहरात भाड्याच्या घरांना अंगणात स्पीकर लावून गाणी वाजवण्याची मनाई आहे आणि तक्रार झाल्यास दंड होतो, तेव्हा अंताक्षरी दारे लावून आतच खेळावी.

पैशांचा हिशोब करताना रात्रीच्या भावावर थांबू नये. रिसॉर्ट फी नावाचा सक्तीचा आकार पूर्वी शेवटच्या पानावर उगवत असे. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून आणि संपूर्ण अमेरिकेत मे २०२५ पासून जाहिरातीतल्या किमतीतच तो धरून दाखवणे बंधनकारक झाले आहे. तरीही सरकारी कर, गाडी लावण्याचे पैसे, सकाळची न्याहारी आणि तलावाकाठच्या छत्रीचे भाडे वेगळे असू शकते. चार जणांच्या कुटुंबासाठी चार दिवसांची न्याहारी हॉटेलात घेतल्यास ती खर्चाची एक ठळक बाब होते. त्यामुळे खोलीत फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे का हे विचारणे, तलाव किती मोठा आहे हे विचारण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

कसे जावे

लॉस एंजेलिसहून आंतरराज्य महामार्ग १० ने अंतर सुमारे ११० मैल आहे. वाहतूक नसेल तर दोन तास लागतात, आणि शुक्रवारी दुपारी निघाल्यास चार तासांची तयारी ठेवावी. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियाहून गाडीने पूर्ण दिवस जातो, म्हणून तिकडच्यांनी विमान पाहावे. पाम स्प्रिंग्जचा विमानतळ गावातच आहे आणि त्याचा बराचसा भाग उघड्या आकाशाखाली आहे. तिथले तिकीट महाग असल्यास लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या ऑन्टारियो विमानतळावर उतरून भाड्याच्या गाडीने सव्वा तासात पोहोचता येते. खोऱ्यात गाडी लागतेच. भाड्याची गाडी घेताना मुलांच्या आसनाची सोय आधी करावी. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालच्या आणि ४ फूट ९ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बूस्टर किंवा कार सीट सक्तीची आहे, आणि पाहुणे म्हणून आलेल्या भाच्यालाही त्यातून सूट नाही.

सॅन गोर्गोनियो खिंडीत पवनचक्क्यांची रांग दिसू लागली की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे. त्या उगाच तिथे लावलेल्या नाहीत. वारा फार झाला की पाम स्प्रिंग्जला उत्तरेकडून येणारे इंडियन कॅनियन ड्राइव्ह आणि जीन ऑट्री ट्रेल हे रस्ते नदीच्या कोरड्या पात्रातून उडणाऱ्या वाळूमुळे बंद करतात. अशा वेळी मोबाइलवरच्या नकाशाच्या आधी रस्त्यावरच्या पाटीवर विश्वास ठेवावा. घरात कोणाला दमा असेल, तर इनहेलर सामानाच्या तळाशी न ठेवता दाराच्या कप्प्यात ठेवावा.

दिवसाची आखणी

पाच दिवसांच्या सहलीत तीनच मोठी ठिकाणे घ्यावीत. सकाळी सात-साडेसातला बाहेर पडून अकरा-साडेअकरापर्यंत परतावे, जेवून दोन तास पडावे, मग तलाव, आणि सहानंतर पुन्हा बाहेर. मार्चअखेरीस पावणेसातच्या सुमारास उजाडते, त्यामुळे हे वेळापत्रक वाटते तितके जाचक नाही. मुलांना शाळेच्या वेळेची सवय असतेच. सुट्टीत उशिरापर्यंत झोपू देण्याचा मोह पहिल्या दोन दिवशी आवरला, की पुढचे आपोआप होते.

पहिली सकाळ एरियल ट्रॅमवेला द्यावी. १९६३ मध्ये सुरू झालेला हा रज्जुमार्ग २,६४३ फुटांवरून ८,५१६ फुटांवर साधारण दहा मिनिटांत नेतो, आणि जाताना डब्याची जमीन हळूहळू गोल फिरते, म्हणजे खिडकीसाठी मुलांची भांडणे होत नाहीत. वर तापमान खालच्यापेक्षा ३० ते ४० अंश फॅरनहाइटने कमी असते. मार्चमध्ये बर्फ असू शकतो आणि पुष्कळदा असतोच. खाली अर्ध्या चड्डीत फिरणारी माणसे वर कुडकुडताना दिसतात. माझे वडील तर सँडल घालून आले होते, आणि वरच्या स्थानकामागच्या उतारावर, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहत, पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि त्यावर मोजे अशा अवतारात त्यांनी अर्धा तास काढला. त्यामुळे प्रत्येकासाठी जाकीट, बंद बूट आणि मोज्यांचा एक जास्तीचा जोड गाडीतच ठेवावा. तिकिटे ऑनलाइन, आधीच काढावीत. हृदयविकार किंवा श्वसनाचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांनी इतक्या झटपट साडेआठ हजार फुटांवर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. वर गेल्यावर लगेच चालायला न लागता अर्धा तास बसून घेतल्यास पुष्कळ फरक पडतो.

दुसरी सकाळ जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाची. १९३६ मध्ये संरक्षित आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या भूभागात दोन वाळवंटे एकमेकांना भेटतात. दक्षिणेकडचा सखल, तापलेला कोलोरॅडो वाळवंट आणि वायव्येकडचा उंच, गार मोहावे. ज्यांच्यावरून उद्यानाला नाव मिळाले, ती जोशुआची झाडे केवळ उंचावरच्या मोहावे भागात वाढतात. ती खरे म्हणजे युक्का जातीची आहेत, आणि त्यांचे परागण एका लहानशा पतंगाशिवाय होत नाही. त्या पतंगाची मादी परागकण गोळा करून दुसऱ्या फुलावर नेऊन ठेवते आणि तिथेच अंडी घालते, म्हणजे पिलांना पुढे थोड्या बिया खायला मिळतात. मुलांना एवढे सांगितले, तरी ती प्रत्येक झाडावर फुलांचा पांढरट तुरा शोधू लागतात.

बहुतेक लोक जोशुआ ट्री गावाकडच्या पश्चिम दाराने आत जातात, आणि स्प्रिंग ब्रेकच्या आठवड्यात तिथे दहानंतर गाड्यांची लांबच लांब रांग लागते. आम्हाला उलटा मार्ग अधिक सोयीचा वाटला. इंडियोला गाडीची टाकी भरून महामार्ग १० ने पूर्वेला जावे, कॉटनवुडच्या दक्षिण दाराने सकाळी आठच्या आत शिरावे आणि पश्चिमेकडून बाहेर पडावे. पाऊस चांगला झालेल्या वर्षी मार्चमध्ये या दक्षिण भागात रानफुले दिसतात. प्रवेशशुल्क एका गाडीला ३० डॉलर असून ते सात दिवस चालते, आणि घरात अमेरिकी शाळेत चौथीत शिकणारे मूल असल्यास त्याला वर्षभर राष्ट्रीय उद्यानांचा मोफत पास मिळतो. तो घरूनच नोंदणी करून न्यावा. उद्यानात पेट्रोल, खाणे आणि बहुतेक ठिकाणी पाणी व मोबाइलची रेंजही नसते. नकाशा आधीच उतरवून घ्यावा, आणि माणशी दिवसाला निदान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी बरोबर असावे.

आत शिरल्यावर पहिला मोठा थांबा चोया कॅक्टसच्या बागेचा येतो. सकाळच्या तिरक्या उन्हात या निवडुंगांचे काटे सोनेरी लोकरीसारखे दिसतात, आणि मुलांना हात लावावासा वाटतो तो नेमका त्यामुळेच. चोयाचा तुकडा इतका अलगद सुटून चिकटतो की लोक त्याला उडी मारणारा निवडुंग म्हणतात. आमच्या धाकट्याच्या बुटाला असाच एक गोळा लागला. त्याने तो हाताने काढायचा प्रयत्न केला आणि मग बुटाचा गोळा हाताला आला. काट्यांना उलट्या दिशेची बारीक कुसळे असतात, त्यामुळे ओढले की ते जास्त रुततात. माझ्या आईने पर्समधून फणी काढली, ती काटे आणि कातडी यांच्या मध्ये सरकवली आणि एका झटक्यात गोळा दूर उडवला. मागे राहिलेले तीन काटे चिमट्याने निघाले. उद्यानाचे रक्षकही फणीचाच सल्ला देतात, हे आम्हाला नंतर कळले. जाड दातांची फणी आणि चिमटा एवढ्या दोन वस्तूंना प्रथमोपचाराच्या पेटीत जागा द्यावी.

पुढे स्कल रॉक रस्त्यालगतच आहे, आणि हिडन व्हॅलीची एक मैलाची गोल पायवाट सहा वर्षांच्या मुलाला सहज जमते. मोठमोठ्या गुळगुळीत दगडांवर चढणे हा तिथला खरा आनंद आहे, मात्र चढणे सोपे आणि उतरणे अवघड असते, हे चढण्याआधी मुलांना सांगावे. कीज व्ह्यू या उंचावरच्या जागेवरून सॉल्टन सी या खाऱ्या जलाशयापर्यंतचे खोरे आणि सॅन अँड्रियस भूभ्रंशाची रेषा दिसते. वसंतात रॅटलस्नेक बाहेर पडू लागतात. ते आपणहून अंगावर येत नाहीत, परंतु न दिसणाऱ्या कपारीत हात घालू नये आणि कानात इअरफोन लावून चालू नये. दुपारच्या आत पश्चिम दाराने बाहेर पडावे. ज्यांना तारे पाहायचे आहेत, त्यांनी अमावास्येच्या आसपासची एक संध्याकाळ वेगळी काढून पुन्हा जावे. २०१७ पासून या उद्यानाला आंतरराष्ट्रीय काळोख्या आकाशाचा दर्जा आहे, आणि शहरात वाढलेल्या मुलांनी आकाशगंगा बहुधा पाहिलेलीच नसते.

तिसरी सकाळ इंडियन कॅनियन्ससाठी ठेवावी. ही जमीन आग्वा कॅलिएंते बँड या कवीया आदिवासी समूहाची आहे. पाम स्प्रिंग्ज शहरातले बरेच भूखंडही बुद्धिबळाच्या पटासारखे एक सोडून एक त्यांच्या मालकीचे आहेत, कारण रेल्वेला जमिनी देताना सरकारने चौकटी आलटून पालटून वाटल्या होत्या. अँड्रियास कॅनियनची मैलभराची वाट झऱ्याच्या काठाने, झुलत्या झावळ्यांचे झगे घातलेल्या पंखताडांखालून जाते. आजी-आजोबांना झेपेल अशी ही खोऱ्यातली माझ्या मते सर्वांत सुंदर वाट आहे. टाकिट्झ कॅनियनचा धबधबा ६० फुटांचा आहे, पण तिथे दगडी पायऱ्यांची चढउतार आहे, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी अँड्रियासच घ्यावी.

लहान मुले असल्यास यांपैकी एक सकाळ पाम डेझर्टच्या लिव्हिंग डेझर्ट प्राणिसंग्रहालयाला द्यायला हरकत नाही. तिथे जिराफांना पाला भरवता येतो आणि रानमेंढे खऱ्या डोंगरउतारावर चढताना दिसतात. गुरुवारी संध्याकाळी पाम स्प्रिंग्जच्या मुख्य रस्त्यावर व्हिलेजफेस्ट नावाचा बाजार भरतो, आणि जेवणानंतर पाय मोकळे करायला तो चांगला आहे. सॉल्टन सीला मुद्दाम जाऊ नये. १९०५ मध्ये कालव्याचा बांध फुटून कोलोरॅडो नदीचे पाणी आत शिरले आणि हा जलाशय तयार झाला. ही गोष्ट ऐकायला रंजक आहे, काठावरचा वास मात्र मुलांना पाच मिनिटांत गाडीत परत आणतो.

खाणे, आणि सोबतचे आई-बाबा

भारतीय जेवणाची तजवीज घरूनच करावी. लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातून येणाऱ्यांना वाटेत आर्टेशियाच्या पायोनिअर बुलेव्हार्डवरून सामान भरता येते. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि कोरडी चटणी, नंतरसाठी मेतकूट, तांदूळ, लहान कुकर आणि दही एवढ्यात चार दिवस निघतात, कारण उन्हातून आल्यावर मुलांना तसाही दहीभातच हवा असतो. मात्र हॉटेलच्या खोलीत कुकर लावायला परवानगी आहे का हे आधी विचारावे. शाकाहारी मंडळींनी मेक्सिकन खानावळीत राजम्याच्या उसळीत डुकराची चरबी आणि भातात चिकनचे पाणी आहे का, असे स्पष्ट विचारावे. विचारल्यास ते न लपवता सांगतात.

भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील, तर त्यांचा प्रवासी आरोग्यविमा सहलीच्या तारखांना चालू आहे ना, आणि आधीपासूनच्या आजारांबद्दल त्यात काय लिहिले आहे, हे निघण्याआधी वाचावे. किरकोळ दुखण्यासाठी थेट इमर्जन्सी रूम गाठण्याऐवजी अर्जंट केअर शोधावे, कारण दोन्हींच्या बिलांत मोठी तफावत असते. सॅन दिएगोकडून महामार्ग १५ ने येताना टेमेक्युलाच्या अलीकडे आणि सॉल्टन सीच्या बाजूने उत्तरेला येताना सीमा गस्ती दलाचे तपासनाके आहेत. ते नेहमीच उघडे नसतात. परंतु अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने आपली नोंदणीची कागदपत्रे जवळ बाळगावीत असा अमेरिकेचा कायदाच आहे, त्यामुळे पासपोर्ट, आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची, छापील प्रत किंवा ग्रीन कार्ड घरी ठेवून निघू नये. दुपारी गाडीत कोणालाही, ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून बसवून ठेवू नये, म्हाताऱ्या माणसांनाही नाही.

तलावाकाठी बहुतेक ठिकाणी जीवरक्षक नसतो. दर अर्ध्या तासाने एका मोठ्या माणसाची पाळी लावावी, आणि त्या अर्ध्या तासात त्याच्या हाती फोन नसावा. सगळे मिळून लक्ष ठेवतात, तेव्हा कोणाचेच लक्ष नसते. पाच वर्षांखालच्या मुलांना गरम टबात उतरवू नये. लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घेतले तर अंगाला सनस्क्रीन फासण्याचे अर्धे भांडण मिटते. कुंपणांना सर्रास लावलेली गुलाबी-पांढरी कण्हेर आपल्या ओळखीची असते, पण ती इथेही तितकीच विषारी आहे, तेव्हा फुले तोडून खेळणाऱ्या मुलांना हात धुवायला लावावेत.

परतीचा दिवस रविवार असेल, तर सकाळी दहाच्या आत निघावे किंवा रात्रीचे जेवण उरकून निघावे. मधल्या वेळेत लॉस एंजेलिसकडे जाणारा महामार्ग खिंडीपासूनच तुंबतो. थांबायचे ठरवल्यास इंडियोच्या १९२४ पासूनच्या शील्ड्स डेट गार्डनमध्ये खजुराचा मिल्कशेक घ्यावा. तो आपल्या जिभेलाही गोड वाटेल इतका गोड असतो, म्हणून दोघांत एक पुरतो. गाडीत बसण्याआधी सगळ्यांचे बूट उलटे करून झटकावेत आणि तळवे पाहावेत. आमच्या गाडीच्या मागच्या सीटखाली चोयाचा एक काटा जून महिन्यात सापडला, तोही माझ्या गुडघ्याला.